सोळावा दात

१

मशीन घ्यायला गेली की धारवाली इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसे. विकणारा बिचारा दोरी ओढून इंजिनाची घरघर ऐकवी, नव्या रंगावरून हात फिरवी, आणि ही गुडघ्यांवर बसून चाकाखाली डोकं घातलेली असे. इंजिन खोटं बोलतं, दात बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं होतं.

लोक झाड तोडून नेतात आणि बुडखा मागे ठेवून जातात. तो बुडखा जमिनीखाली हातभर कोरून काढायचा, एवढाच नवरा-बायकोचा धंदा. त्यासाठीचं मशीन म्हणजे दोन टायरांवर बसवलेलं इंजिन, मागे धरायला दांडा आणि पुढे एक जाडजूड लोखंडी चाक. चाकाच्या कडेला सोळा दात, प्रत्येक दाताच्या टोकाला काचेसारख्या कठीण धातूचा तुकडा. नवरा मशीन चालवी आणि ती ते सांभाळी. ग्रीस, पट्टा, हवेची जाळी हे सगळं तिच्याकडे होतंच. पण तिचा खरा जीव दातांवर. बोथट दात मशीनला थरथरवतात, थरथर माणसाच्या बोटांत उतरते आणि दहा वर्षांत त्याला चहाचा कप धरता येत नाही. तिच्या वडिलांचं तसं झालं होतं. नवऱ्याचं होऊ द्यायचं नाही, हे तिनं लग्नाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

नवरा मोठा थट्टेखोर. ‘मुलगी बघायला मी गेलो होतो, पण दात माझे मोजले गेले,’ असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

त्या महिन्यात त्यांना एका जुन्या छापखान्याच्या मागच्या गल्लीतलं काम मिळालं. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये अकरा बुडखे रांगेनं उभे होते. घरचं मशीन त्या गल्लीत शिरेना. मशीनच्या दलालानं दोन मशीनं दाखवली. एक रिमोटवर चालणारं, साखळीच्या पट्ट्यांवरचं. माणूस दहा पावलं लांब उभा राहून चालवू शकेल असं. दुसरं छोटं, जुनं, दांड्याचं. मोठं मशीन सुरक्षित होतं यात शंका नाही, पण गल्लीच्या फाटकातून ते जाणारच नव्हतं. नाकापेक्षा मोती जड काय कामाचा? धारवालीनं छोट्याच्या चाकाखाली डोकं घातलं, दात तपासले आणि पंधरा दिवस वापरून बघायच्या बोलीवर तेच उचललं.

फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. त्या गल्लीत दांडा धरून उभं राहिलं की नवऱ्याच्या पाठीशी भिंत यायची. मधे जेमतेम एका माणसापुरती जागा. मशीन मागे आलं तर त्याला पळायला वाट नव्हती. पण असलं मशीन मागे येत नाही. चाकाचा खालचा काठ चालवणाऱ्याकडे येतो, दात लाकडात रुततात, मशीन पुढे ओढलं जातं. मागे यायचं तर चाक उलटं फिरायला हवं. आणि इंजिन काही उलटं फिरत नाही.

२

संध्याकाळी मशीन घरी आलं की ते धुवायचं, कोरडं करायचं, मग शेडमधल्या स्टुलावर बसून दात एकेक करून हाताखालून घालायचे, हा तिचा रोजचा परिपाठ. हातात डायमंडची कानस. दातावर कानशीचे तीन हात, मग एक फुंकर. पुन्हा तीन हात, पुन्हा फुंकर. वडिलांनी असंच शिकवलं होतं. फुंकर मारली नाही तर भुकटी धारेत बसते आणि दुसऱ्या दिवशी धार जाते. शिवाय धार अर्धवट टाकून उठायचं नाही, दारात पाहुणा आला तरी नाही. घरातली भाजी कितीदा या नियमापायी करपली होती.

पहिल्या दिवशी पंधरा दात जसे असायला हवेत तसे होते, दिवसभराच्या कामानं थोडे बोथटलेले. एका दाताशी मात्र तिचा अंगठा थांबला.

त्या दाताची पाठ धारदार होती.

दाताची पुढची बाजू लाकूड कापते. पाठ कशालाच लागत नाही. ती बोथट असते, आणि बोथटच असायला हवी. ही पाठ घासून, तासून, पुढच्या धारेइतकी पातळ केलेली होती. तिनं भिंग काढलं. घासल्याच्या रेघा एका अंगानं जाणाऱ्या, बारीक, सारख्या अंतरावर. दगडाला घासून असं होत नाही. हे कुणीतरी बसून केलेलं काम होतं, आणि काम चांगलं होतं.

सकाळी दात तपासताना हे आपल्या नजरेतून सुटलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही. तिच्या नजरेतून दात सुटत नसत.

३

चौथ्या दिवसापर्यंत अशा पाठी पाच झाल्या.

तिनं आधी नवऱ्याला विचारलं. तो पोट धरून हसला. त्याला पेन्सिलीला टोक काढता येत नव्हतं, दाताला धार कुठून लावणार? मग तिचा संशय छापखान्याच्या पहारेकऱ्यावर गेला. दुपारी जेवायला नवरा त्याच्याच केबिनमध्ये बसायचा, त्यामुळे तो मशीनपाशी एकटा कधी नसायचा. शिवाय गृहस्थाची दृष्टी इतकी अधू की डब्यातलं लोणचं तो चाचपून शोधायचा. उरला दलाल. त्याला फोन लावला तर तो गोडबोल्या म्हणाला की बाई, दात घासून द्यायला मी काय दातांचा डॉक्टर आहे?

मग वाळूचा विचार करून झाला. जमिनीखालच्या वाळूनं लोखंड घासतं हे खरं. पण वाळू सोळा दातांतले पाचच निवडत नाही, आणि फक्त पाठच घासत नाही.

“अगं, आयती धार मिळतेय तर मिळू दे की,” नवरा म्हणाला. “घोड्याचे दात मोजायची तुझी खोड काही जात नाही.”

“घोडं आपलं असतं तर मोजले नसते,” ती म्हणाली.

तिला भीती वाटत नव्हती. तिला कोडं सुटत नव्हतं, आणि न सुटलेलं कोडं घेऊन ती झोपूच शकत नसे. रात्री कूस बदलताना तिच्या डोक्यात एकच विचार फिरे. धार लावणारा हात तिच्यापेक्षा सरस होता. पाचव्या दाताची पाठ तर अशी उतरली होती की तिला क्षणभर हेवा वाटला. ती धार मोडून पाठ पुन्हा बोथट करावी, म्हणून तिनं कानस उचललीही होती; पण इतकं नेटकं काम बिघडवायला तिचा हात धजेना. कानस तिनं खाली ठेवली. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही.

४

तिनं मग दातांच्या पाठींवर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले आणि नवऱ्याला बजावलं की आज दर तासाला इंजिन बंद करून ठिपके बघायचे. तो कुरकुरला, पण त्यानं बघितलं. बायकोच्या हाताखालून न गेलेलं मशीन तो कधी चालवत नसे; तेवढा त्याचा तिच्यावर भरवसा होता.

संध्याकाळी त्यानं सांगितलं ते असं. दहा वाजता ठिपके सोळा. अकराला सोळा. बाराला, जेवायला जाण्याआधी, सोळा. जेवून आल्यावर तेरा.

म्हणजे जे होत होतं ते इंजिन बंद असताना होत होतं.

आता त्यांच्याकडे एक रीत होती, आणि ती तिनंच घातलेली होती. मशीन बंद करून बाजूला जायचं तर चाक कधी वर अधांतरी ठेवायचं नाही. बुडख्याच्या कोरलेल्या खड्ड्यात ते टेकवून ठेवायचं. कुणाचा पाय लागायला नको, चाक सुटून कुणाच्या घोट्यावर यायला नको. एका ओळखीच्या माणसाची टाच तशी गेली होती. म्हणजे रोज दुपारी तासभर चाक हातभर खोल मातीत, भुग्यात रुतून बसलेलं असायचं, आणि गल्लीत चिटपाखरू नसायचं.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. चाकाचा जो भाग खड्ड्यात असतो तिथे पोचायचं तर खालूनच यावं लागतं.

त्या रात्री तिनं एक कागद घेतला, त्यावर चाकाचं, दातांचं चित्र काढलं आणि विचार केला की दाताच्या पाठीला धार कुणाला हवी असेल? उत्तर सोपं होतं, ते तिला हवंसं वाटलं नाही इतकंच. पाठीची धार कामाला येते ती चाक उलटं फिरलं तर. बोथट पाठी लाकडावरून, मातीवरून घसरतात आणि मशीन जागच्या जागी थरथरतं. पण सोळाही पाठी धारदार असतील, तर उलटं फिरणारं चाक जमिनीत रुतेल आणि मशीन मागे सुटेल. मागे दांडा, दांड्याच्या मागे तिचा नवरा, नवऱ्याच्या मागे भिंत.

ती उठून झोपलेल्या नवऱ्याकडे बघत बसली. मग तिनं स्वतःलाच दटावलं. पट्टा एकाच बाजूला ओढतो. इंजिन उलटं फिरत नाही. हे लिहिलेल्या अक्षराइतकं पक्कं होतं.

५

नवव्या दिवशी तिनं रीत मोडायला सांगितली. जेवायच्या वेळी चाक खड्ड्याबाहेर काढून फळीवर टेकव, म्हणाली. नवऱ्यानं तसं केलं. त्या दिवशी एकाही दाताला काही झालं नाही.

एखादी शहाणी बाई इथे थांबली असती. मशीन परत दिलं असतं, काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारलं असतं. धारवाली शहाणी होतीच, पण चौकस त्याहून जास्त होती. बरोबर पंधरा पाठी तयार झाल्या होत्या, सोळावी बाकी होती. ती होईपर्यंत कसलाच धोका नाही, असा हिशेब तिनं मांडला. एका कोऱ्या दातानं काय फरक पडतो, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं की आज नेहमीसारखं खड्ड्यातच ठेव. दुपारी ती स्वतः गल्लीत आली.

६

अकरावा, शेवटचा बुडखा अर्धा कोरून झाला होता. नवऱ्यानं इंजिन बंद केलं, चाक खड्ड्यात उतरवलं, तिच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि डबा घेऊन केबिनकडे गेला. भिंतीपलीकडे छापखान्यातली यंत्रंही जेवणासाठी थांबली. ऊन सरळ गल्लीत पडलं होतं. भुग्याला ओल्या लाकडाचा, थोडा आंबूस वास येत होता.

तिनं आधी शहाणपण केलं. स्पार्क प्लगची टोपी काढून खिशात टाकली. झाकण उघडून पट्टा उतरवला आणि भिंतीवर टांगला. आता इंजिनाचा आणि चाकाचा काडीचा संबंध उरला नव्हता. मग ती खड्ड्याच्या काठावर बसली.

बराच वेळ काही नाही. दोन मुंग्या चाकावरून चालत गेल्या. तिला स्वतःचंच हसू यायला लागलं.

मग खालून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र. आणि पाठोपाठ भुग्यातून एक बारीक फुंकर वर आली. धूळ उडून तिच्या गुडघ्यावर बसली.

तीन हात आणि एक फुंकर.

ती हलली नाही. तिनं तळवा चाकावर टेकवला. चाक बारीक कंप पावत होतं, जसं ते तिच्या कानशीखाली असताना कंप पावतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला भय नाही, एक विचित्र जिव्हाळा वाटला. परक्या गावात आपल्या धंद्यातलं कुणी भेटावं तसा. किती वर्षं करत असेल हे? कुणी शिकवलं असेल याला? पुन्हा तीन हात. पुन्हा फुंकर.

तिनं टॉर्च काढली आणि चाक आणि माती यांच्यामधल्या बोटभर फटीत उजेड टाकला.

एक चपटी, करडी, ओलसर वस्तू दाताच्या पाठीवरून सरकून अंधारात मागे गेली. ती पुन्हा पुढे आली तेव्हा तिच्यावर दाबून धरलेला अंगठाही दिसला. धारवाली आपला अंगठा कानशीवर जिथे ठेवते, अगदी तिथेच. त्या अंगठ्याला नख नव्हतं. नखाच्या जागी साल होती.

अंगठ्यावर उजेड पडताच तो थांबला. मागे गेला नाही. नुसता थांबला.

७

तिनं नवऱ्याला हाक मारली, पण ओरडली नाही. तो तोंड पुसत आला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याची थट्टा ओठांवरच राहिली.

“अहो, हे आत्ताच्या आत्ता बाहेर काढा,” ती म्हणाली. “आज परत देऊन टाकायचं. उरलेला बुडखा कुऱ्हाडीनं काढू.”

उतरवलेला पट्टा त्यानं बघितला, टोपी काढलेला प्लग बघितला आणि मान डोलावली. चाक वर उचलायचं तर दांडा खाली दाबावा लागतो, आणि दांडा दाबायचा तर त्याच्या नेहमीच्या जागेवरच उभं राहावं लागतं. तो मशीन आणि भिंत यांच्यामध्ये शिरला. त्यानं दांड्यावर भार टाकला. चाक हललं नाही. त्यानं पुन्हा जोर केला.

“खाली कायतरी अडकलंय,” तो म्हणाला. “जरा हात घालून बघतेस का?”

हातानं भुगा बाजूला सारत ती चाकाच्या काठाशी पोचली. पान्ह्यानं सोळावा दातच काढून टाकायचा, तिचा विचार साधा होता. पंधरा राहिले तरी राहिले, काम अपुरं राहील आणि माझा माणूस सुखरूप बाहेर येईल. डाव्या हातानं तिनं दात चाचपला. बोल्ट कुठे आहे बघायला अंगठा पुढे सरकवला आणि तो सवयीनं पाठीवर गेला.

पाठ जवळजवळ झाली होती. दोन हात फिरले होते, तिसरा बाकी होता. उजेडामुळे तो तसाच राहिला होता. तिच्या अंगठ्याला इतकं स्पष्ट कळलं की जणू कुणी सांगितलं. खालून आवाज नव्हता. कुणीतरी वाट बघत होतं, एवढंच.

तिला नेमकं ठाऊक होतं काय करायचं नाही ते. आणि तरी तिच्या डोक्यात एकच प्रश्न उभा राहिला, दहा दिवसांतला सगळ्यात लहान प्रश्न. तिसरा हात याच्या ढंगानं मारला तर जमेल का मला? तिचा उजवा हात एप्रनच्या खिशाकडे गेला तेव्हा पान्ह्यासाठी गेला होता. निघाली ती कानस.

खर्र.

धार पुरी झाली. तिनं वाकून फुंकर मारली, आणि त्याच वेळी खालूनही फुंकर आली. दोघांचा भुगा एकमेकांत मिसळला.

चाक हळूच उलट्या बाजूला वळलं. सोळाही दात मातीत रुतले. इंजिन गार होतं, पट्टा भिंतीवर टांगलेला होता आणि मशीन वीतभर मागे सरकलं. दांडा नवऱ्याच्या छातीला लागला, त्याची पाठ भिंतीला टेकली.

“अगं, ढकलतेस काय?” तो हसत म्हणाला.

तिचे दोन्ही हात खड्ड्यात होते.